घरांतील दिवे : कोणते बदलावे व कोणत्या क्रमानें

शेतीच्या मासिकांत घरांतील दिव्यांविषयीं लेख कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्याच्याकडे विजेचीं दोन बिलें येतात, आणि पंपाच्या बिलाविषयीं तो जितकें बोलतो त्याच्या दशांशही घरच्या बिलाविषयीं बोलत नाहीं, असा माझा अनुभव आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा आंकडा पाहणारा, खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद व पालाश यांचें प्रमाण वाचणारा शेतकरी दिवा विकत घेतांना मात्र "साठाचा द्या" किंवा "नवाचा द्या" एवढेंच म्हणतो, व खोक्यावरचें एक अक्षरही वाचीत नाहीं. एलईडी दिवे आतां खेडोपाडीं पोंचले आहेत, हें खरें. तरीही मोरींत, गोठ्यांत, माळ्यावर, देवघरांत किंवा पडवींत एखाद-दुसरा जुना पिवळा बल्ब पुष्कळ घरांतून अद्यापि टांगलेला आढळतो. आणि जेथें तो गेला, तेथें त्याच्या जागीं आलेला नवा दिवा योग्यच असतो असेंही नाहीं. सबब या विषयाची थोडी फोड करावी, असें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक या शास्त्रांतला नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. आकारणी, वसुली व बाकी एवढेंच मला कळतें. या कामीं तेवढें पुरलें. मात्र तें वेळेवर सुचलें नाहीं, आणि त्याची किंमत माझ्या घरांत दुसऱ्या माणसास द्यावी लागली. तेंच आधीं सांगतों.

पुण्यांत शुक्रवार पेठेंत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्यानें राहतों. गांव पुरंदर तालुक्यांतलें. तेथील शेती थोरले बंधू पाहतात. वाड्याचा जिना लांकडी, अरुंद, दोन ठिकाणीं वळणारा व भर दुपारींही अंधारा. पायऱ्या उंच, कडा झिजलेल्या. जिन्यांत एक होल्डर होता, पण त्यांत बल्ब नसे. कारण असें कीं, तो होल्डर सामाईक मीटरवर होता व त्या मीटरचें बिल सहा बिऱ्हाडांनीं वांटून द्यावयाचें होतें. खालचीं दोन बिऱ्हाडें म्हणत, आम्ही जिना चढतच नाहीं. तिसरें म्हणे, आमच्याकडे रात्रीं कोणी येत नाहीं. वर्षांतून एकदां, गणपतीच्या सुमारास, कोणी साठाचा बल्ब लावी. पुढें बिल येई, वाद होई, आणि बल्ब काढून ठेवला जाई. तो काढणाऱ्यांत एकदां मीही होतों, हें येथें कबूल केलें पाहिजे.

आई त्या वेळीं ७८ वर्षांची होती. पहांटे उठून ती खालीं चौकांतील तुळशीस पाणी घालण्यास जाई. "आई, विजेरी घेऊन जा," असें म्हटलें कीं, "अरे, या पायऱ्या मला पाठ आहेत, उगीच सेल कशाला जाळायचे?" असें तिचें उत्तर ठरलेलें असे. २०१५ सालच्या श्रावणांत एके पहांटे वळणावरच्या पायरीवरून तिचा पाय घसरला व खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर गेले, आणि त्यानंतर ती काठीवांचून कधीं चालली नाहीं. चौकांतलें वृंदावन तिला अंतरलें. वर खिडकींत कुंडी ठेवून तींत तुळस लावावी लागली.

दवाखान्यांत रात्रीं जागत बसलों असतां औषधांच्या पावतीच्या पाठीमागें मीं एक हिशेब मांडला. १००० वॅटची वस्तु एक तास चालली कीं एक युनिट होतें. ६० वॅटचा बल्ब रात्रीं १२ तास जळला तर महिन्यास २१.६ युनिटें. विजेचा दर वेळोवेळीं बदलतो; सोयीसाठीं या लेखांत सर्वत्र युनिटास १० रुपये धरूं. म्हणजे महिन्यास २१६ रुपये झाले, आणि सहा बिऱ्हाडांत वांटले तर प्रत्येकीं ३६. आमचा वर्षानुवर्षांचा वाद तो हा. त्याच जागीं ५ वॅटचा एलईडी लावला असता तर महिन्यास १.८ युनिटें, १८ रुपये, आणि प्रत्येकीं ३ रुपये. त्याचा उजेड साठाच्या बल्बाइतका नसतो, चाळिसाच्या बल्बाच्या जवळपास असतो. पण पायरीची कड दिसण्यास तो पुरून उरतो. हा दिवा त्या वेळीं बाजारांत मिळत होता, व मला तो ठाऊकही होता. हिशेब तेवढा केला नव्हता.

आतां दोन दिव्यांत एवढें अंतर कां पडतें तें पाहूं. जुना बल्ब खरें म्हटलें तर दिवा नव्हे, शेगडी आहे. त्यांत टंगस्टन धातूची केसासारखी बारीक तार असते. विजेनें ती २५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, व इतकी तापली म्हणून प्रकाशते. लोहाराच्या भट्टींत फाळ लाल होतो तेंच हें तत्त्व. तापला फाळही उजेड देतो, परंतु उजेडासाठीं कोणी फाळ तापवीत नाहीं. १८७९ च्या सुमारास अमेरिकेंत एडिसननें व इंग्लंडांत स्वाननें असा दिवा प्रथम नीट चालवून दाखविला तेव्हां त्यांत कार्बनचा तंतु होता. टंगस्टन पुढें आलें. सव्वाशें वर्षें या दिव्यानें जगाची सेवा केली, म्हणून त्याला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण त्यांत घातलेल्या १०० भाग विजेपैकीं सुमारें ५ भागांचाच डोळ्यांस दिसणारा प्रकाश होतो, बाकीची उष्णता होते, हें विसरतां येत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत तरी ही गोष्ट हलक्यानें घेण्याजोगी नाहीं. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मुळशीच्या मावळ्यांनीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह मांडला, तो विजेसाठीं बुडणाऱ्या भातखाचरांपायींच होता. १९२४ पर्यंत तो चालला. शेवटीं धरण झालें, जमिनी पाण्याखालीं गेल्या व वीज मुंबईस गेली. जमिनीच्या नोंदींत जन्म घालविलेल्या माणसास, बुडालेल्या खाचरांची वीज बल्बाची कांच तापविण्यांत खर्च होते, हा विचार आल्यावांचून राहत नाहीं. असो.

एलईडी दिव्यांत तार नाहीं व कांहीं तापवून उजळावयाचें नाहीं. ज्वारीच्या दाण्याहून लहान अशा स्फटिकाचे दोन थर त्यांत एकमेकांस चिकटलेले असतात. एका थरांत विद्युत्कण जादा, तर दुसऱ्यांत त्यांच्यासाठीं जागा रिकाम्या. वीज सोडली कीं कण सीमा ओलांडून रिकाम्या जागेंत पडतात, आणि पडतांना अंगचें जादा बळ प्रकाशाच्या रूपानें टाकतात. डोळ्यांस दिसणारा लाल प्रकाश देणारा स्फटिक अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं १९६२ सालींच करून दाखविला होता. परंतु निळा प्रकाश साधण्यास पुढें सुमारें तीस वर्षें गेलीं. तें काम इसामु अकासाकी, हिरोशि अमानो व शुजि नाकामुरा या तिघां जपानी शास्त्रज्ञांनीं केलें व त्यासाठीं त्यांस २०१४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्याचें एवढें महत्त्व कां, असें कोणी विचारील. निळ्या स्फटिकावर पिवळसर लेप दिला कीं कांहीं निळा प्रकाश लेपांतून पिवळा होऊन निघतो, कांहीं तसाच निघतो, आणि दोहोंच्या मिश्रणानें पांढरा उजेड होतो. दिवा फोडून पाहिल्यास आंतल्या चकतीवर हळदीच्या रंगाचे ठिपके दिसतात, तो हाच लेप.

यावरून ध्यानांत घ्यावयाची गोष्ट ही कीं, वॅट म्हणजे उजेड नव्हे. वॅट हें दिव्याचें खाणें आहे. म्हैस किती वैरण खाते एवढें ऐकून कोणी ती विकत घेत नाहीं. धार किती देते हें विचारतो. दिव्याची धार लुमेन या मापानें मोजतात व तो आंकडा खोक्यावर छापलेला असतो. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारें ७०० लुमेन देतो. ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९०० देतो. १०० वॅटच्या जुन्याच्या जागीं १२ ते १४ वॅटचा, व ४० वॅटच्या जागीं ५ वॅटचा नवा दिवा चालतो. परंतु दोन कंपन्यांचे ९ वॅटचे दिवे सारखाच उजेड देतात असें नाहीं. यास्तव दुकानांत वॅट सांगण्याऐवजीं लुमेन विचारावे. दुकानदार प्रथम चमकतो, मग खोकें उलटून पाहतो.

आई घरीं आल्यावर मीं एक वही घातली. शेताच्या सात-बाऱ्यावर जसें प्रत्येक गटाचें क्षेत्र व आकार, तसें या वहींत प्रत्येक दिव्याचें स्थान, वॅट व रोजचे जळण्याचे तास लिहिले. पहिल्याच दिवशीं दोन गोष्टी अशा निघाल्या कीं ज्यांचा मला स्वप्नांतही संशय नव्हता.

पहिली गोष्ट देवघरांतील. तेथें झिरोचा बल्ब अहोरात्र जळे. झिरो म्हणजे वीज लागतच नाहीं, अशी आमच्या घरांतच काय, अर्ध्या पुण्यांत समजूत होती. वस्तुतः तो १५ वॅटचा निघाला. २४ तासांच्या हिशेबानें महिन्यास १०.८ युनिटें! बाहेरच्या खोलींतील मोठी ट्यूब, जिच्याविषयीं "बंद करा रे" म्हणून मी मुलांवर ओरडत असें, ती महिन्यास ७.८ युनिटेंच घेई. म्हणजे ज्याचें नांव शून्य त्याचा आकार ट्यूबहून जास्त होता. दुसरी गोष्ट माळ्यावरची. तेथील ६० वॅटचा बल्ब सर्वांआधीं बदलावा असें मुलांचें म्हणणें होतें, कारण तो सर्वांत जुना. पण तो दिवाळीच्या साफसफाईस व लोणच्याच्या बरण्या काढतांना मिळून वर्षांत चार-सहा तास लागे. तो बदलून वर्षास एक युनिटही वांचलें नसतें. तो आजही तेथेंच आहे.

बाकीच्या नोंदी अशा होत्या. स्वयंपाकघरांत १०० वॅटचा बल्ब ६ तास : १८ युनिटें. दोन खोल्यांत ४० वॅटची एकेक ट्यूब. तिचा लोखंडी चोकही वीज खातो, म्हणून ती ५२ वॅट धरली. एक ६ तास व दुसरी ५ तास मिळून १७ युनिटें. मोरी व संडास मिळून ४.८. देवघरासह एकूण सुमारें ५१ युनिटें. स्वयंपाकघरांत १२ वॅटचा एलईडी, ट्यूबांच्या जागीं २० वॅटच्या एलईडी पट्ट्या, देवघरांत अर्ध्या वॅटचा लहान दिवा व बाकी दोन ठिकाणीं ७ वॅटचे दिवे लावल्यावर तोच आंकडा १० युनिटांच्या आंत आला. महिन्याचीं सुमारें ४१ युनिटें वांचलीं. त्यांपैकीं निम्म्याहून जास्त, म्हणजे २६ युनिटें, स्वयंपाकघर व देवघर या दोनच दिव्यांनीं दिलीं. म्हणून म्हणतों, सर्व दिवे एकदम बदलण्यास पैसे नसतील तर वॅट व तास यांचा गुणाकार ज्याचा सर्वांत मोठा, तो दिवा आधीं बदलावा. त्याच्या बचतींतून दुसरा.

या बचतीस आणखी एक बाजू आहे, व ती आकारणीचा अनुभव असलेल्यास चटकन् कळेल. महावितरणचा घरगुती दर एकच नसतो. १०० युनिटांपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून चढा, ३०१ ते ५०० पर्यंत त्याहूनही चढा, असे टप्पे आहेत. वापर घटतो तेव्हां तो वरच्या टोकाकडून घटतो; म्हणजे वांचतें तें सर्वांत महाग युनिट असतें. ज्याचें बिल १३०-१४० युनिटांचें येतें त्यास तर ४० युनिटें वांचल्यानें खालच्या टप्प्यांत उतरतां येतें. आपलें बिल कोणत्या टप्प्यांत आहे हें बिलावर छापलेलें असतें, पण पुष्कळजण केवळ शेवटची रक्कम व मुदतीची तारीख पाहून तें खिळ्याला अडकवितात.

आतां किंमतीविषयीं. आरंभीं हे दिवे फार महाग होते, म्हणून लोक कचरत. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें पुढें 'उजाला' या नांवानें प्रसिद्ध झालेली योजना सुरू केली. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीनें देशभराच्या गरजेची खरेदी एकत्र केली. सहकारी संघानें गांवचें खत एकगठ्ठा उचलावें तसाच हा प्रकार. २०१४ च्या आरंभीं जो दिवा कंपनीस ३१० रुपयांस पडत होता तो २०१६ सालीं ३८ रुपयांवर आला. या योजनेंतून देशांत ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले. पुढें मार्च २०२१ मध्यें खेड्यांसाठीं 'ग्राम उजाला' निघाली. तींत जुना चालू बल्ब दिल्यास १० रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा दिवा तीन वर्षांच्या हमीनें मिळे, व पहिल्या टप्प्यांत आपल्या प्रांतांतून नागपूरच्या बाजूचीं गांवें घेतलीं होतीं. आज या योजनांची वाट पाहण्याचें कारण नाहीं, कारण त्यांच्यामुळें बाजारभावच उतरला आहे.

भाव उतरला तसा हलका मालही आला. २०१६ च्या दिवाळींत एका हातगाडीवरून मीं दहा दिवे घाऊक घेतले व मोठ्या ऐटीनें गांवीं घेऊन गेलों. त्यांवर ना लुमेनचा आंकडा होता, ना मानकाचा. बंधूंनीं ते गोठ्यांत, पडवींत व विहिरीच्या वाटेवर लावले. होळीपर्यंत सात गेले, आठवा मिचकावूं लागला. दादा म्हणाले, "तुझे दिवे म्हणजे तुमच्या कचेरीची तारीख. आज आहे म्हणावें तर उद्यां पुढें ढकललेली." उत्तर देण्यासारखें माझ्याजवळ कांहीं नव्हतें.

हे दिवे कां जातात तें पुढें एका जाणत्या वायरमननें मला उलगडून दाखविलें. स्फटिक सहसा मरत नाहीं. मरतो तो दिव्याच्या मानेंतील लहानसा संच. घरांतील वीज सेकंदांत ५० फेरे करणारी असते. स्फटिकास एकाच दिशेची व थोड्या दाबाची लागते. हें रूपांतर तो संच करतो, आणि हलक्या मालांत काटकसर त्यांतच केलेली असते. खेड्यांत पंप चालू झाले कीं दाब उतरतो, एकदम बंद झाले कीं चढतो. असा हेलकावा तो सोशीत नाहीं. यास्तव गांवासाठीं घेतांना खोक्यावर चालण्याचा दाब किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत दिला आहे तें पाहावें. जितका पल्ला रुंद तितका दिवा गांवास बरा. भारतीय मानक ब्यूरोची खूण व आयएस १६१०२ हा आंकडा असावा. ऊर्जा दक्षता ब्यूरोचे तारेही छापलेले असतात; तारे जास्त म्हणजे त्याच विजेंत उजेड जास्त. हमी दोन वर्षांची असेल तर खोकें व पावती ठेवावी. आम्ही खोकें प्रथम बंबांत घालतों आणि हमीची आठवण नंतर काढतों.

उष्णतेविषयीं एक गैरसमज आहे. एलईडी थंड असतो म्हणतात, तें जुन्या बल्बाच्या मानानें खरें. तरीही कांहीं उष्णता होतेच, व ती उजेडाबरोबर बाहेर न पडतां मागें मानेंत सांचते. म्हणून वाड्यांतून जुन्या कांचेच्या बंद हंड्या असतात त्यांत हा दिवा लावूं नये. तो आंतल्या आंत उकडून लवकर जातो. हंडीचें तोंड उघडें असेल तर हरकत नाहीं. तसेंच जुन्या ट्यूबच्या पट्टींत एलईडी ट्यूब बसवावयाची असेल तर चोक व स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. तें काम वायरमनकडूनच करून घ्यावें. नवी पट्टी लावणें अधिक सोपें.

आणखी एक चमत्कार पुष्कळांनीं पाहिला असेल. बटण बंद केलें तरी एलईडी काजव्यासारखा मंद जळत राहतो. लोक म्हणतात दिवा खराब निघाला. बटणांत खुणेचा लहान लाल दिवा असेल तर त्यामुळेंही असें होतें व त्यांत धोका नाहीं. पण तसा दिवा नसतां असें झालें तर बहुधा बटण फेजच्या तारेवर न बसवितां न्यूट्रलच्या तारेवर बसविलेलें असतें. म्हणजे बटण बंद असतांही होल्डरपर्यंत जिवंत वीज येऊन थांबलेली असते. जुन्या बल्बानें ही चूक कधीं दाखविली नसती, कारण इतक्या थोड्या विजेनें त्याची तार तांबडीही होत नाहीं. आमच्या वाड्यांत असे दोन होल्डर निघाले, व त्यांतला एक ओल्या मोरींतला. ज्याच्या घरीं असें दिसेल त्यानें दिवा बदलीत न बसतां तारा तपासून घ्याव्या.

रंगाचें थोडक्यांत सांगतों. २७०० ते ३००० केल्व्हिन लिहिलेला दिवा पिवळसर, ६५०० चा पांढरा-निळसर. निजण्याच्या खोलींत पिवळसर बरा. पडवी, गोठा व अंगण यांतही पिवळसरच लावावा, कारण निळसर उजेडाकडे किडे अधिक येतात. किडे आले कीं बेडूक येतात, आणि बेडकांमागून कोण येतें तें शेतकऱ्यास सांगावयास नको. रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यावयास ज्याला जावें लागतें त्याच्या वाटेवर विहिरीपाशीं एक दिवा असावाच. ७ वॅटच्या दिव्यास रात्रभर जाळून महिन्यास अडीच युनिटें लागतात.

जुना बल्ब सर्वत्र काढावा, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. जेथें उजेड नव्हे तर ऊबच हवी असते, तेथें त्याचे ९५ भाग वायां जात नाहींत. कोंबडीच्या लहान पिलांच्या खोक्यावर टांगलेला ६० किंवा १०० वॅटचा बल्ब त्यांस आईच्या पंखांची ऊब देतो. तेथें हौसेनें एलईडी लावला तर खोकें लखलखीत दिसेल आणि पिलें सकाळीं गारठून मेलेलीं सांपडतील. शेवंतीच्या वाफ्यांवर रात्रीं दिवे लावून जे बागाईतदार कळी लांबवितात, त्यांनींही घाई करूं नये. रोपास रात्र मोडल्याची जाणीव मुख्यतः प्रकाशांतल्या तांबड्या भागानें होते. तो जुन्या बल्बांत भरपूर असतो, पांढऱ्या एलईडींत कमी. आधीं एका वाफ्यावर एक हंगाम नव्या दिव्यांचा प्रयोग करावा, कळी कशी येते पाहावी, मग बाकीचे बदलावे. प्रकाशसापळ्यांतही, वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे धरण्यास जो दिवा लावून अनुभव आला असेल तो चालूं द्यावा. तेथें किडे यावे हाच हेतु असतो.

मधल्या काळांत सीएफएल नांवाचे वळवलेल्या नळीचे दिवे आले होते, व ट्यूबही घरोघर आहेत. त्यांत थोडा पारा असतो. बदलतांना ते उकिरड्यावर टाकूं नयेत. तेंच शेणखत पुढें शेतांत जातें. फुटल्यास दारें-खिडक्या उघडाव्या, मुलांस दूर करावें, तुकडे हातानें न उचलतां पुठ्ठ्यानें गोळा करून बरणींत बंद करावे. शहरांत ई-कचरा घेणारे आहेत. तालुक्याच्या गांवीं दिव्यांचा दुकानदार परत घेतो का, हें विचारून पाहावें.

दिवे बदलल्यावर वहींत पहिला आंकडा पंख्यांचा झाला. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. नवे पंखे ३० ते ३५ वॅटांत तेवढाच वारा देतात. परंतु पंख्याची किंमत दिव्यासारखी चार महिन्यांत वसूल होत नाहीं, त्याचा हिशेब निराळा आहे.

जिन्याचें सांगावयाचें राहिलें. २०१६ च्या जानेवारींत मीं दोन वळणांवर ५ वॅटचा एकेक दिवा लावला, व पायऱ्यांच्या कडांवर पांढऱ्या रंगाची दोन बोटें रुंद पट्टी ओढली. दिवा डोळ्यांवर न येतां पायरीवर पडावा म्हणून तो उतरणाऱ्याच्या पाठीमागून उंचावर घेतला. समोरून लावलेला दिवा म्हाताऱ्या डोळ्यांस दिपवितो आणि पायरी तशीच अंधारांत राहते. तीनच महिन्यांनीं खालच्या बिऱ्हाडांनीं आपण होऊन आपला वांटा दिला, कारण बिल पाहून वाद घालण्यासारखें त्यांत कांहीं उरलें नव्हतें. आई पुढें सहा वर्षें होती. ती त्या जिन्यानें फारशी उतरली नाहीं, परंतु तिन्हीसांजेस, "जिन्यांतला दिवा लागला का रे?" असें वरून विचारी.

दोन दिव्यांचा आकार दर बिऱ्हाडास महिन्यास ६ रुपये येतो. एका बिऱ्हाडाची २०१९ च्या मार्चपासूनची बाकी आहे. ती मीं वहींत दरसाल पुढें ओढीत आलों आहें.